माळ्यावरची ट्रंक: एक वाकळ आणि बरंच अर्धवट शिवण

३१ मार्च २०२५

काल सूर्यास्ताला गुढी उतरवली. आज गुढीचा खण घडी घालून ठेवायला गेले तर कपाटाचं दारच लागेना. जोर लावला तसे वरच्या कप्प्यातले ब्लाउजपीस घसरून डोक्यावर आले. बसले मोजत. त्या एका कप्प्यात एकसष्ट निघाले. सगळे ओटीतले, वाणातले, बारशा-डोहाळजेवणातले. मी स्वतः विकत आणलेला त्यात एकही नाही.

माळ्यावरची ट्रंक वेगळीच. ती २०१९ च्या ऑगस्टात वर चढली. आम्ही सांगलीत गावभागात राहतो. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, त्या वर्षी कृष्णेचं पाणी ५७ च्या वर गेलं. खालच्या खोलीतलं जे हाताला लागलं ते माळ्यावर फेकलं, त्यात कापडाची ट्रंक होती. पुढं २०२१ ला पुन्हा तीच धावपळ झाली. बाकी सगळं कधीच खाली आलं, ट्रंक मात्र वरच राहिली.

ह्यांना म्हटलं, "उद्या ट्रंक खाली घ्या. शिवायला बसणारे." हे म्हणाले, "माझा पायजमा पण त्यातच असेल." टोमणा होता. २०१६ साली बेतून ठेवलेला पायजमा आहे तो.

ठरवलंय असं: मृग लागायच्या आत, म्हणजे ७ जूनपर्यंत, जेवढं निघेल तेवढं काढायचं. नवं कापड वितभरही आणायचं नाही. दोरा, सुया, नाडी एवढंच.

२ एप्रिल

ट्रंक उतरली. वरच्या थराला पुराच्या चिखलाचा पिवळट डाग आहे, धुऊनही गेला नव्हता म्हणूनच तो थर तसा दाबून ठेवला होता. मुलीनं विमानप्रवासासाठी घेतलेला बॅगा तोलायचा हातकाटा होता, त्याला गाठोडी अडकवून मोजलं. कपाट आणि ट्रंक मिळून ३४ किलो. एवढं कापड असलेलं घर आणि परवा भाजीला जायला धड पिशवी सापडत नव्हती.

आत काय: मामंजींची चार धोतरं. आईचं एक इरकली लुगडं. लग्नांतल्या आहेराचे पँटपीस नि शर्टपीस अकरा. टॉवेल-टोपी, त्यातल्या टोप्या कुठं गेल्या देव जाणे, पातळ टॉवेल चौदा. ब्लाउजपीस आणखी ब्याऐंशी. एक मांजरपाटाचा तुकडा, खळीसकट कडक. आणि प्लॅस्टिकच्या चार पिशव्यांत चार अर्धवट कामं.

पहिली पिशवी वाकळेची, म्हणजे जुन्या कापडांच्या गोधडीची. २०१८ ला सुरू केली होती. खालचे थर कच्च्या टाक्यांनी जोडून झालेत, वरचा थरच नाही.

दुसरीत ब्लाउजपीसांच्या चौकोनांची पलंगावरची चादर. आठ ओळी शिवून झाल्या आणि ओळी एकमेकींना जुळेनात म्हणून गुंडाळून ठेवली.

तिसरीत मुलीचं खणाचं परकर-पोलकं. ती सहा वर्षांची होती. पोलक्याला काजं करायची राहिली. मुलगी आता सव्वीसची आहे आणि हिंजवडीत नोकरी करते.

चौथीत पायजमा.

चारही कामं समोर मांडून बसले तेव्हा एक लक्षात आलं. मी इतकी वर्षं स्वतःला आळशी समजत होते. पण यातलं एकही काम आळसानं थांबलेलं नाही. प्रत्येक काम नेमक्या एका जागी अडलंय. चादर ओळी जुळेनात म्हणून. पोलकं काजांना हात घाबरला म्हणून. पायजमा... त्याचं नंतर बघू. वाकळ का थांबली ते मला माहीत आहे, लिहीत नाही आज.

५ एप्रिल

ब्लाउजपीसांची परीक्षा. एकूण १४३. नुसत्या हातानं सुती-बिनसुती कळतं हा माझा गैरसमज आज गेला. प्रत्येकातून दोन-तीन धागे ओढायचे, चिमट्यात धरायचे, काडी लावायची. सुती धागा कागदासारखा भुरुभुरु जळतो, मागं मऊ राख राहते, बोटानं चुरली की गायब. पॉलिस्टर आधी आक्रसतं, वितळतं आणि थंड झालं की टोकाला काळा टणक मणी राहतो. मिसळीचं कापड दोन्ही करतं, जळतंही आणि चुरताना बोटाला खरही लागते. एक खरं रेशीम निघालं, केस जळल्यासारखा वास आला तेव्हा कळलं. ते मी सात वर्षं भांडी पुसायच्या फडक्यांजवळ ठेवलं होतं.

निकाल: सुती ३८, मिसळ १४, रेशीम १, उरलेले नव्वद निव्वळ वितळणारे.

आणखी एक गंमत. त्या नव्वदात एक मेंदी रंगाचा ब्लाउजपीस आहे, त्याच्या कोपऱ्यावर हळदीचं बोट उमटलेलं. तो डाग मीच पाडला होता, घडीत आत दुमडून मीच तो एका डोहाळजेवणाला दिला होता. गावभर फिरून परत माझ्याच ओटीत आला. मधल्या सगळ्याजणींनीही डाग बघून पुन्हा आत दुमडला असणार.

सासूबाईंना सांगितलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आपल्याला नको ती दुसऱ्याच्या ओटीत घालायची, ही कुठली रीत?" सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत, माहेर तासगावकडचं.

९ एप्रिल

मशीन. पायाचं, काळं, लग्नात आलेलं. पट्टा सैल झालाय, दोन इंच कापून पुन्हा आकडा घातला. तेल सोडलं, जुन्या चिंधीवर तासभर रिकामं चालवलं, काळं तेल निघून गेलं. मग दोरा ओवला तर खालच्या बाजूला नुसता दोऱ्याचा पुंजका. बॉबिन तीनदा काढून घातली. दुरुस्तीवाल्याला फोन केला, तो म्हणाला शटल गेलंय, बाराशे होतील.

बाराशे द्यायच्या आधी सगळा वरचा दोरा काढला, दाब, म्हणजे कापड दाबून धरणारा पाय, वर उचलला आणि पुन्हा पहिल्यापासून ओवला. चाललं. खाली पुंजका होतो तेव्हा चूक बहुतेक वरच्या दोऱ्याची असते. दाब खाली असताना ओवलं की ताणाच्या दोन चकत्या मिटलेल्या राहतात, दोरा त्यांच्यात बसतच नाही, वरच्या वर सुटा धावतो. हे मला शिवणक्लासात १९९४ साली शिकवलं होतं. बाई पट्टीनं बोटावर मारायच्या, तरी विसरले.

सुई १६ नंबरची घातली. पुढं जाडीला १८ लागेल.

१०–१२ एप्रिल

पँटपीसच्या पिशव्या. सात झाल्या. लिहिण्यासारखं फार नाही. बूड दुमडून कोपरे तिरपे शिवले की पिशवी उभी राहते. बंद मात्र खांद्याला अडकेल एवढे लांब ठेवा, हातात धरायचे बंद करून मी दोन वाया घालवल्या.

शेजारच्या काकू एक घेऊन गेल्या, त्यांच्याकडून कोथिंबिरीची जुडी आली.

१६ एप्रिल

चौकोनांची चादर. बारा चौकोन आडवे, पंधरा उभे, एकूण १८०. शिवून झाल्यावर चौकोन ६ इंचांचा हवा, म्हणून कापताना साडेसहा. ३६ इंच पन्ह्याच्या, ८० सेंटीमीटरच्या एका ब्लाउजपीसातून असे वीस निघतात.

शिवलेल्या आठ ओळी जमिनीवर पसरल्या. सगळ्यांत लांब आणि सगळ्यांत आखूड ओळ यांत जवळजवळ तीन इंचांचा फरक. त्या वेळी मला वाटलं होतं कापड ताणलं गेलं. आज टेप घेऊन प्रत्येक शिलाई मोजली. काही ओळींत शिलाई दोन सूत आत आहे, काहींत तीन सूत. बस, एवढंच. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, कोण बघतं. पण शिलाईत दोन्ही चौकोनांचं एकेक सूत जातं, म्हणजे एका जोडाला दोन. बारा चौकोनांना अकरा जोड. बावीस सूत म्हणजे पावणेतीन इंच. सात वर्षं ही चादर त्या एका सुतासाठी पिशवीत पडून होती.

उपाय साधा निघाला. मशीनच्या पत्र्यावर सुईपासून मोजून दोन सुतांवर चिकटपट्टी लावली. कापडाची कड पट्टीला टेकवून चालवायची, सुईकडे बघायचंच नाही.

उसवायला तीन दिवस लागतील. त्यात पॉलिस्टरचे चौकोनही आहेत, इस्त्री लागली की तेवढेच आक्रसतात, ते काढून सुती घालायचे.

२४ एप्रिल

उसवण झाली, पुन्हा शिवणही निम्मी झाली. ओळी ओळींना जोडताना एक युक्ती कामी आली. पहिल्या ओळीच्या सगळ्या शिलाया इस्त्रीनं डावीकडे दाबायच्या, दुसरीच्या उजवीकडे, तिसरीच्या पुन्हा डावीकडे. मग दोन ओळी समोरासमोर ठेवल्या की जोडाला जोड आपोआप अडकतो, बोटाला कळतं. टाचणीसुद्धा कमी लागते.

बाहेर ऊन इतकं की इस्त्रीची वेळ पहाटे साडेपाचला ठेवलीय.

१ मे

चादर झाली. खाली जुनी सुती बेडशीट, मध्ये काही नाही, उन्हाळ्याची आहे. १८० चौकोनांत चार कोपरे जुळले नाहीत, कुठले ते सांगणार नाही.

५ मे

आता वाकळ.

थांबली ती लुगड्यापाशी. आईचं हे लुगडं २०१७ ला तिच्यामागं माझ्याकडे आलं. गर्द निळं, लाल काठ, बसून बसून मधला भाग जाळीसारखा विरलेला. नेसता येणार नाही, कुणाला देता येणार नाही. वाकळेसाठीच घेऊन आले होते. खालचे थर तयार केले, लुगडं वर अंथरलं, कातर हातात घेतली आणि परत ठेवून दिली. त्याला सात वर्षं झाली.

आज पुन्हा अंथरलं. सासूबाई पलंगावरून बघत होत्या.

"काय बघत बसलीस?"

"कापायचं आहे आई."

"मग काप की. का उंदरांसाठी राखून ठेवलंयस?"

उत्तर दिलं नाही. लुगडं पुन्हा घडी घालून ठेवलं आणि पोळ्या करायला उठले.

६ मे

सकाळी घडी उलगडताना दंड सापडला. यापूर्वी नजरेतून कसा सुटला कोण जाणे. लुगडं एकदा मध्ये फाटलं तेव्हा आईनं विरलेला भाग काढून उरलेली दोन टोकं जोडली होती. पूर्वी सगळ्याच बायका घालायच्या दंड, फाटलेलं आतल्या निऱ्यांत जायचं आणि लुगडं आणखी दोन वर्षं चालायचं. हा दंड इतका बारीक आहे की चष्मा काढून, डोळ्याजवळ धरून टाके मोजले, इंचाला चौदा. दोन्ही कडा एकमेकींत दुमडून दुहेरी शिवलेल्या, उलट्या बाजूलाही धागा सुटा नाही. निळ्यात निळा दोरा, काठावर येताच लाल. काठाला दोरा बदललाय. म्हणजे तिनं तेवढ्या दोन इंचांसाठी सुई पुन्हा ओवली होती.

आणि हे लुगडं तिनं स्वतः कापलं होतं, अगदी मधोमध.

मी पण कापलं. नऊवारी म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास लांबी. विरलेला भाग वगळून सात-सात फुटांचे दोन तुकडे मिळाले. एक पूर्ण पन्ह्याचा, दुसरा उभा चिरून निम्मा, कडेला लाल काठ राहील असा. जोडून साडेपाच बाय सात फूट. चिरलेल्या अर्ध्यातून उशीचा अभ्राही होईल.

सासूबाईंना विचारलं, दंड कुठं येऊ देऊ? "पायाकडं. उशाला आला तर टोचंल." आईच्या शिवणीचं एवढंच परीक्षण त्यांनी केलं.

८ मे

थर नव्यानं लावले ते असे, खालून वर: दोन धोतरं, त्यावर आहेराचे टॉवेल टोकाला टोक लावून (एकावर एक आले तर तिथं सुई अडते), त्यावर मऊ झालेली जुनी चादर, सगळ्यांत वर लुगडं. पुराचा डाग असलेलं धोतर डाग आत जाईल असं घातलं.

मधली खोली रिकामी केली. चार कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा आणि पाण्याने भरलेल्या दोन कळश्या. मधून कडेकडे हात फिरवत सुरकुत्या बाहेर काढल्या आणि हातभर अंतरानं कच्चे टाके घातले.

मशीनवर घालणार होते, १८ नंबरची सुई आणूनही ठेवली होती. पण एवढा गठ्ठा मशीनच्या काखेतून जाईना. सासूबाई म्हणाल्या, "वाकळ बसून शिवायची असती, पाय मारून न्हवं." त्यांना मशीन येत नाही, म्हणून हे तत्त्व. पण गठ्ठा खरंच जात नव्हता.

८ ते १७ मे, एकत्र

रोज दोन-अडीच तास. कडेनं सुरू करायचं आणि चौकोनातून चौकोन करत आत यायचं, देवळाला प्रदक्षिणा घातल्यासारखं. दोन धावांत, म्हणजे टाक्यांच्या दोन ओळींत, दोन बोटांचं अंतर. सुईवर तीन टाके घ्यायचे, मग ओढायची. चार घेतले की थर सरकतात. गाठ वर ठेवायची नाही, दोन थरांच्या मध्ये ओढून न्यायची.

टाक्याचं माप सासूबाईंनी सांगितलं: वर तांदळाएवढा, खाली तिळाएवढा. मी पहिल्या दिवशी हसले. तिसऱ्या दिवशी कारण कळलं. खालच्या बाजूचा टाका लांब पडला की पायाच्या बोटात अडकतो आणि तिथून वाकळ उसवायला लागते.

त्या स्वतः दुपारी अर्धा तास एका कडेला बसायच्या. डोळ्यांना नीट दिसत नाही, मी सुया ओवून उशीत टोचून ठेवायचे. त्यांची ओळ बोटाच्या अंदाजावर जाते आणि माझ्यापेक्षा सरळ येते. त्यांच्या माहेरी हे काम उन्हाळ्यातच व्हायचं, रानात काम नसायचं तेव्हा. आणि घट बसायच्या आधी घरातली सगळी अंथरुणं-पांघरुणं नदीवर.

दंडावरून धाव नेताना सुई अडली. तिथं जाडी दुप्पट आहे. दाभणानं भोक पाडावं असं मनात आलं होतं, नाही पाडलं. दंडाच्या दोन्ही अंगांनी धाव नेली, त्याच्यावरून नाही.

१७ तारखेला रात्री कडेला लाल गोट लावला, ट्रंकेतल्याच नव्या सुती कापडाचा. कडा सरळ असल्यानं पट्ट्या सरळच कापल्या. उरेब कापड फक्त वळणाला लागतं, उगाच तिरपं कापून लोक कापड वाया घालवतात.

१९ मे

वाकळ धुतली. धुवायचीच होती, चिखलाचा वास आतून येत होता. लाल कापड आधी मिठाच्या पाण्यात भिजवून ठेवलं होतं, म्हणून निर्धास्त. ओली वाकळ उचलायला आम्ही दोघं लागलो. गच्चीवर दोन दोऱ्यांवर पसरली. ऊन कडक.

२० मे

दुपारनंतर पाऊस. वळीव म्हणून सोडून दिलं.

२२ मे

हा वळीव नव्हे.

२४ मे

थांबतच नाही. वाकळ पहिल्याच दिवशी खाली आणली होती, जिन्यात, मग खुर्च्यांवर, मग सायकलवर. दोन पंखे चोवीस तास. आज उलटून पाहिली आणि बसलेच. लाल गोटाचा रंग धोतरावर उतरलाय. चारी बाजूंनी हातभर गुलाबी. एका दिवसात सुकली असती तर कळलंही नसतं. पाच दिवस ओली राहिली आणि रंग आतल्या आत चालत गेला.

मिठानं रंग पक्का होतो हे आपल्याकडं सगळ्याजणी सांगतात. रंगवतानाच्या पाण्यात मिठाचं काम असतं. रंगवून दुकानात आलेल्या कापडाचा सुटा रंग मीठ धरून ठेवत नाही. तो सुटा रंग आधी तीन-चार पाण्यांत काढून टाकायचा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. ओल्या पांढऱ्या फडक्यावर दाबून बघायला मला दोन मिनिटं लागली असती.

२७ मे

काल मान्सून मुंबईत पोचला. इतक्या लवकर १९५० पासून आला नव्हता, असं बातम्यांत सांगतायत. माझी मृगाची मुदत अशी बुडाली.

वाकळ सुकली एकदाची. कुबट वास होता, इस्त्रीनं दोन्ही बाजूंनी धावेधावेला वाफ काढली, तेव्हा गेला. गुलाबी तसंच राहिलं. सासूबाई म्हणतात खालच्या अंगाला कोण बघतंय. हे म्हणतात मुद्दाम केल्यासारखं दिसतं. हे रंगाबद्दल काही बोलले की मी विश्वास ठेवत नाही.

२ जून

खणाचं परकर-पोलकं. मुलगी शनिवारी आली होती, तिला विचारलं काय करू. "मम्मा, काजं करून तसंच ठेव ना." उसवायची माझी तयारी होती. खणाचा पन्हा जेमतेम तीस-एकतीस इंच, त्यात सहा वर्षांच्या पोरीचा परकर, उसवून फार तर दोन तक्के झाले असते.

तीन काजं केली, हातानं. आधी चिंधीवर पाच करून बघितली. चिरायच्या आधी काजाभोवती धावदोरा घालून घ्यायचा, तो न घातल्यामुळं तेव्हा फसलं होतं. पोलकं पूर्ण. घालणारं कुणी नाही, पण पूर्ण.

१० जून

वटपौर्णिमा. हातकाटा काढला. ३४ किलोंतले १५ किलो ३०० ग्रॅम उरले. त्यात जवळजवळ सगळा वजनदार ऐवज पँटपीसांचा, आणि ते नव्वद वितळणारे. त्यांचं काय करायचं ठरलं नाही. ओटीत पुढं सरकवायचे नाहीत एवढं सासूबाईंना कबूल केलंय.

वाकळ आठ दिवसांपासून त्यांच्याच अंगावर आहे. काल रात्री हाक मारून उठवलं मला. पायाकडची एक धाव वाकडी गेलीय म्हणाल्या, अंधारात पायाला कळली.

पायजमा बेतलेला तसाच आहे. तेव्हाच्या कमरेवर चार इंच वाढलेत, आणि ते कुठल्या कापडातून आणायचे हा प्रश्न आहे.

आज ओटीत दोन ब्लाउजपीस आले. घरी येऊन काडी लावली. एक जळला, एक वितळला.